धसका घेतला की बसला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या मराठीत आजाराची क्रियापदं बघण्यासारखी आहेत. ताप येतो, खोकला होतो, हाड मोडतं. यात आजारी माणसाचा काही दोष नसतो. आलं, झालं, मोडलं. पण मनाच्या दुखण्याकडे वळलो की भाषा बदलते. ‘त्यानं हाय खाल्ली’, ‘तिनं फारच मनाला लावून घेतलं’, ‘पोरानं धसका घेतला.’ जणू हाय ताटात वाढून ठेवलेली होती आणि यानं ती उचलून खाल्ली. त्याच भाषेत दुसरा प्रयोगही आहे: ‘धसका बसला.’ म्हणजे बाहेरून काहीतरी आलं आणि बसलं, काठीचा तडाखा बसावा तसं. घेतला आणि बसला, या दोन क्रियापदांमधलं अंतर कापायला वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षं लागली. आज जो माणूस जुन्या आघातातून बाहेर पडण्यासाठी मानसशास्त्रज्ञासमोर खुर्चीत बसतो, त्याच्यासाठी ती खुर्ची मांडली कशी गेली, त्याची ही गोष्ट आहे.

या आघाताला इंग्रजीत ट्रॉमा म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ साधा: जखम. इस्पितळाच्या दारावर ट्रॉमा सेंटर अशी पाटी दिसते, तिथे आजही तो शरीराच्याच जखमेबद्दल असतो. शरीराचा हा शब्द मनाकडे आला, त्याची सुरुवात आगगाडीपासून झाली.

९ जून १८६५ रोजी इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, स्टेपलहर्स्ट गावाजवळ, एका पुलावरचे रूळ दुरुस्तीसाठी काढलेले होते आणि गाडी आली. डबे खाली कोसळले, दहा माणसं मेली. पहिल्या वर्गाचा एक डबा पुलाच्या कडेला लटकत राहिला. त्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते. त्यांना खरचटलंही नाही. त्यांनी खाली उतरून जखमींना पाणी पाजलं, मरणारी माणसं पाहिली. पण पुढे गाडीत बसलं की ते मध्येच थरथरू लागत. बरोबर पाच वर्षांनी, १८७० च्या ९ जूनलाच, ते वारले. तारखेचा तो योगायोग असेल. थरथर मात्र योगायोग नव्हती.

बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली गाडी सुटून तेव्हा बाराच वर्षं झाली होती. इंग्लंडात मात्र रेल्वेचं जाळं पसरलं होतं, आणि तसेच अपघातही. हाड मोडलेलं नाही, रक्त आलेलं नाही, तरी झोप नाही, हात कापतात, कामात लक्ष लागत नाही, असे प्रवासी कंपन्यांकडे भरपाई मागू लागले. १८६६ मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, हादऱ्यानं पाठीच्या कण्याला आतून इजा होते. लोक त्याला ‘रेल्वे स्पाइन’ म्हणू लागले. १८८३ मध्ये एका रेल्वे कंपनीचेच डॉक्टर हर्बर्ट पेज यांनी त्यांना उत्तर दिलं. कण्याला काही झालेलं नसतं, नुसत्या भीतीनंही माणसाची अशी अवस्था होऊ शकते, असं त्यांनी मांडलं. कंपनीला ते सोयीचं होतं, कारण इजा नाही म्हटलं की भरपाई कमी. पण नुसत्या भीतीनं माणूस आजारी पडतो, ही गोष्ट त्या निमित्तानं छापली गेली. १८८९ मध्ये बर्लिनचे हेर्मान ओपेनहाइम यांनी या आजाराच्या नावातच आघात हा शब्द घातला. त्यावर टीका झाली ती अशी, की असं नाव दिलंत तर जो तो भरपाई मागत दारात उभा राहील.

मंडळी, हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण तो पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. धसका ‘बसला’ म्हटलं की कोणाकडून बसला हे विचारावं लागतं, आणि मग कोणाला तरी त्याचं देणं द्यावं लागतं. ‘घेतला’ म्हटलं की प्रश्न मिटला!

आजाराचं कारण डॉक्टर शोधत होते. उपचाराची वाट मात्र व्हिएन्नातल्या एका रुग्ण मुलीनं दाखवली. तिचं नाव बेर्टा पापेनहाइम. वडिलांची शुश्रूषा करताकरता ती आजारी पडली. हात लुळा पडला, वाचा गेली, मातृभाषा जर्मन असूनही काही काळ ती फक्त इंग्रजी बोले. १८८० ते १८८२ या काळात डॉ. योझेफ ब्रॉयर तिच्याकडे जात. आपण एकेका त्रासाची गोष्ट मुळापासून सांगितली की तो ओसरतो, हे तिच्या ध्यानात आलं. या उपचाराला नावही तिनंच दिलं, ‘टॉकिंग क्युअर’ म्हणजे बोलण्याचा इलाज. थट्टेच्या मूडमध्ये असली की ती त्याला धुराडं साफ करणं म्हणे. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि झिग्मुंड फ्रॉइड यांनी पुस्तक लिहिलं, त्यात ती ‘ॲना ओ.’ या टोपणनावानं आली. ती लगेच बरी झाली असं नाही. त्यानंतरही तिला उपचारगृहांत राहावं लागलं. पण पुढे तिनं निराधार मुलींसाठी आश्रम काढला आणि १९०४ मध्ये जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली. बोलून बरं होण्याच्या या शास्त्रात पहिला शब्द डॉक्टरचा नव्हता, रुग्णाचा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच फ्रॉइडनी १८९६ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांसमोर सांगितलं, की आपल्या अठरा रुग्णांच्या आजाराच्या मुळाशी बालपणी झालेले लैंगिक अत्याचार आहेत. सभेला ते रुचलं नाही. पुढच्याच वर्षी फ्रॉइडनी ते मत मागे घेतलं. त्यांनी ते का सोडलं यावर आजही वाद आहे. परिणाम मात्र स्पष्ट आहे. घरात अत्याचार सोसलेल्या मुलींचं बोलणं ही त्यांची कल्पना असेल, असं मानायला शास्त्राला सवड मिळाली, आणि ती सवड पुढे कित्येक दशकं टिकली.

मग पहिलं महायुद्ध आलं. फ्रान्सच्या खंदकांतून धडधाकट तरुण परत येऊ लागले, कोणाची वाचा गेलेली, कोणाची नजर, कोणाला चालता येईना. १९१५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा तीन सैनिकांबद्दल लिहिलं आणि ‘शेल शॉक’ हा शब्द छापील झाला. लष्कराला तो आवडला नाही. भित्रेपणाला आजार म्हटलं तर लढणार कोण? हॅरी फार नावाचा एक साधा शिपाई १९१५ मध्ये शेल शॉकसाठी पाच महिने इस्पितळात होता. त्याला पुन्हा आघाडीवर पाठवलं. पुढे जायला पाय उचलेना, तेव्हा भित्रेपणाचा खटला चालवून १६ ऑक्टोबर १९१६ रोजी त्याला गोळ्या घातल्या. तो पंचवीस वर्षांचा होता. पळून जाणं, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारनं माफी दिली ती २००६ मध्ये. फारची मुलगी त्या वेळी ९३ वर्षांची होती. ‘घेतला’चं ‘बसला’ व्हायला त्या एका घरात नव्वद वर्षं लागली.

याच युद्धात एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट नावाचं इस्पितळ होतं. तिथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर होते. आपल्याकडच्या अभ्यासकांना हे नाव वेगळ्या कारणानं ठाऊक असतं. निलगिरीतल्या तोडा जमातीत राहून त्यांनी ‘द तोडाज’ हा ग्रंथ लिहिला, तो १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या माणसांसमोर बसून त्यांचं सगळं ऐकून घेणं ही त्यांची जुनी सवय. सीगफ्रीड ससून हे युद्धविरोधी कवी त्यांच्याकडे रुग्ण म्हणून होते. विल्फ्रेड ओवेन हे दुसरे कवी त्याच इस्पितळात दुसऱ्या डॉक्टरांकडे उपचार घेत होते.

त्या काळी रुग्णांना सगळेच सांगत, ‘विसरून जा, त्याचा विचारच करू नकोस.’ डिसेंबर १९१७ मध्ये लंडनला वाचलेल्या निबंधात रिव्हर्सनी याच सल्ल्यावर बोट ठेवलं. दिवसा दाबून ठेवलेलं रात्री स्वप्नात उसळून येतं, असं त्यांना दिसलं होतं. त्यांच्या एका तरुण अधिकाऱ्याला आपल्या मित्राचं छिन्नविच्छिन्न प्रेत सापडलं होतं आणि तेच रोज स्वप्नात येई. रिव्हर्सनी ते विसरायला सांगितलं नाही. उलट त्याला त्या आठवणीजवळ नेलं आणि म्हणाले, देहाची ही अवस्था होती, याचाच अर्थ तो क्षणात गेला, त्याला तडफडावं लागलं नाही. याकडे त्या तरुणानं कधी पाहिलंच नव्हतं. काही रात्री स्वप्न पडलं नाही. मग पडलं ते असं, की तो मित्राशेजारी गुडघे टेकून बसला आहे आणि त्याच्या घरच्यांसाठी त्याच्या वस्तू गोळा करतो आहे. जाग आली तेव्हा भीती नव्हती, दुःख होतं.

रिव्हर्सचा प्रामाणिकपणा असा, की त्याच निबंधात त्यांनी आणखी एका अधिकाऱ्याची हकिकत दिली. त्याच्यावर गुदरलेला प्रसंग इतका किळसवाणा होता, की त्यात धरून ठेवायला चांगलं असं काहीच सापडेना. तिथे हा उपाय चालला नाही. त्या माणसानं लष्कर सोडून खेड्यात राहावं, हेच त्याच्यासाठी बरं ठरलं.

आता आपल्याकडे वळू. क्रेगलॉकहार्ट हे अधिकाऱ्यांसाठी होतं. साध्या गोऱ्या शिपायांतल्या काहींची वाचा परत आणण्यासाठी घशाला विजेचे झटके दिले जात. आणि आपले जवान? या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं समुद्रापार गेली. त्यांत महाराष्ट्रातले मराठा पलटणींचे शिपाई होते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत या गावी ‘पूना डिव्हिजन’ १४७ दिवस वेढ्यात अडकली. घोडी, खेचरं मारून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि हजारो जण कैदेत गेले. त्यातले जे सातारा-रत्नागिरीच्या गावी परत आले असतील, त्यांची स्वप्नं कोणी ऐकली? गावात त्यांच्यासाठी तयार वाक्य होतंच: ‘लढाईवरून आला आणि धसका घेतला.’

मानसशास्त्र त्या काळात आपल्या देशात आलं नव्हतं असं नाही. कोलकात्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता, आणि फ्रॉइडचं न पटलेलं ते त्यांना स्पष्ट कळवत. पण १९४७ ची फाळणी झाली, एक कोटीहून अधिक माणसं घरदार सोडून निघाली, तेव्हा छावण्यांत पीठ, घोंगड्या आणि देवीची लस होती. ऐकणारं कोणी नव्हतं. पुढे दोन्ही देशांनी वेड्यांच्या इस्पितळातले रुग्णसुद्धा धर्मावर वाटून घेतले. सआदत हसन मंटोंची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा त्यावरची आहे. फाळणी सोसलेल्या स्त्रियांच्या तोंडून ऐकलेलं उर्वशी बुटालिया यांनी पुस्तकात आणलं, ते १९९८ मध्ये. मधली पन्नास वर्षं त्या बायकांनी स्वयंपाक केला, मुलं वाढवली, नातवंडं खेळवली, आणि गप्प राहिल्या.

निर्णायक वळण अमेरिकेत आलं, तेही डॉक्टरांच्या खोलीत नव्हे. १९७० मध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक न्यूयॉर्कमध्ये गोलात बसून एकमेकांशी बोलू लागले. खायीम शाटान आणि रॉबर्ट लिफ्टन या डॉक्टरांना त्यांनी बोलावलं ते उपदेश करायला नाही, सोबत बसायला. त्याच सुमारास स्त्रियाही एकत्र बसून बोलत होत्या. १९७४ मध्ये बोस्टनच्या ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बलात्काराला सामोऱ्या गेलेल्या स्त्रियांच्या लक्षणांची नोंद प्रसिद्ध केली. दचकणं, भयस्वप्नं, झोप उडणं. सैनिकांची लक्षणं आणि यांची लक्षणं सारखीच निघाली. खंदकातला पुरुष आणि घरातली बाई यांना एकच जखम झाली होती.

शेवटी १९८० मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत या आजाराला जागा दिली. मराठीत आपण त्याला आघातोत्तर तणाव विकृती म्हणू. त्याच्या व्याख्येत असा भाव होता, की हा आघात जवळजवळ कोणालाही व्यथित करील असा असतो. जवळजवळ कोणालाही! म्हणजे दोष माणसाच्या कमजोरीचा नाही, घटनेचा आहे. वैद्यकशास्त्राच्या दप्तरात धसका त्या दिवशी ‘बसला’.

हे मी तुम्हाला एवढं का सांगतो आहे? मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण त्या खुर्चीत मी स्वतः बसलो आहे.

जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मध्य मुंबईतल्या एका चाळीत आम्ही राहत होतो. शेजारच्या काकूंनी आम्हा सगळ्यांना आपल्या खोलीत घेतलं आणि पोटमाळ्यावर चढवलं. दोन रात्री आम्ही वर होतो. खाली दुकानांची शटरं लोखंडी पहारींनी उचकटण्याचा आवाज येत होता. त्यानंतर आम्ही चाळ सोडली, शहराबाहेर राहायला गेलो. माझं लग्न झालं, नोकरी लागली, मुलं झाली. दंगलीवर मी कविताही लिहिल्या, त्यांना टाळ्याही मिळाल्या. पण रात्री दुकान बंद करताना कोणी शटर ओढलं, की माझे हातपाय गार पडत. घरातले सगळे झोपल्याशिवाय मला झोप येत नसे. दाराची कडी मी तीन-तीनदा बघे. पंचवीस वर्षांनी बायको म्हणाली, ‘कडी मी बघते, तुम्ही डॉक्टरांना दाखवून या.’

मी गेलो त्या मानसशास्त्रज्ञ बाई माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी पहिल्या दिवशी दंगलीबद्दल काहीच विचारलं नाही. झोप कशी लागते, जेवण कसं आहे, घरात कोण कोण, एवढंच. तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्यांनी मला त्या रात्रीबद्दल सांगायला लावलं. डोळे मिटून, आत्ता घडतंय असं. मी सांगू लागलो, ‘आम्ही वर बसलोय, आम्हाला आवाज येतोय.’ त्या हळूच म्हणाल्या, ‘आम्ही नको. तुम्ही कुठे आहात? तुमचे हात कुठे आहेत?’

माझे हात माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडावर होते. ती सहा वर्षांची होती, रडत होती, आणि तिचा आवाज खाली जाऊ नये म्हणून मी तोंड दाबून धरलं होतं. तिचा श्वास कोंडतोय हे मला कळत होतं आणि हात काढता येत नव्हता. माझ्या एकाही कवितेत हे आलेलं नाही. कवितेत आग होती, शहर होतं, माणुसकी होती. हात नव्हते. कवितेनं मला त्या रात्रीच्या आसपास फिरवलं, आत या बाई घेऊन गेल्या. आणि मग रिव्हर्सनी त्या अधिकाऱ्याला दाखवलं तसंच त्यांनी मला दाखवलं: तो हात मारणारा नव्हता, वाचवणारा होता. आज बहिणीला दोन मुलं आहेत आणि तिला त्या रात्रीतलं आठवतात ती काकूंनी दिलेली शेंगदाण्याची चिक्की.

एकूण चौदा भेटी झाल्या. घरी करायचा अभ्यासही होता. संध्याकाळी बाजारात जायचं आणि दुकानं बंद होईपर्यंत उभं राहायचं. पहिल्या दिवशी दोन शटरं ऐकून मी परत आलो. महिन्याभरानं अख्खी गल्ली बंद होताना पाहिली. आवाज आजही ऐकू येतो, कधी छाती धडधडतेही. पण जेवण अर्धं टाकून मी उठत नाही.

या पद्धतीमागे अभ्यास आहे. आठवणीला टाळत राहिलं की भीती टिकून राहते, आणि सुरक्षित जागी, बेताबेतानं तिच्यासमोर बसलं की ती उतरते, हे तत्त्व अमेरिकेतल्या एडना फोआ यांनी १९८० च्या दशकापासून तपासत आणलं. पॅट्रिशिया रेसिक यांची पद्धत आघातानंतर मनात घट्ट बसलेल्या समजुतींवर काम करते: ‘माझ्यामुळेच झालं’, ‘आता कोणावरच विश्वास नाही.’ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात बरं होण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपत्तीनंतर लगेच, एकाच बैठकीत, माणसाला सगळं बोलायला भाग पाडण्याची एक रीत मध्यंतरी जगभर चालली. अभ्यासाअंती तिचा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच झाला. म्हणून २०११ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे, की आधी पाणी, निवारा, आप्तांशी भेट यांची सोय करा. बोलायचं असेल तर ऐका, जबरदस्ती करू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर दगडी भिंतींच्या घरात झोपायला न धजणारी माणसं लातूर-उस्मानाबादकडच्या आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील. त्यांना ‘भित्री’ म्हणणं सोपं होतं. ती जखमी होती.

एक गोष्ट मी माझ्या समाजातला माणूस म्हणूनही सांगतो. आपल्याकडे असा माणूस आधी दर्ग्यावर जातो, नाहीतर देवीच्या दारात. ताईत, अंगारा, उतारा. त्या माणसांना मी हसणार नाही. तिथे निदान ‘तुला लागलंय’ हे कोणीतरी मान्य करतं. पण ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्यानं चाललेल्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले, कारण ते साखळीनं बांधलेले होते. श्रद्धेच्या नावानं साखळी चालणार नाही. अबू झैद अल-बल्खी या मुस्लिम विद्वानानं हजारएक वर्षांपूर्वी ग्रंथ लिहून सांगितलं होतं, की देहासारखंच मनही आजारी पडतं आणि त्यालाही उपचार लागतो. भीती, राग, शोक यांवर त्यानं वेगवेगळे उपाय दिले. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्याच्या आवारात डॉक्टर बसू लागले आणि मुजावरच रुग्णांना त्यांच्याकडे पाठवू लागले. दुवा आणि दवा यांचं भांडण लावायची गरज नाही.

आज कायदाही बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळणं हा त्यानं प्रत्येकाचा हक्क केला, आणि साखळीनं बांधायला मनाई केली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारनं ‘टेलिमानस’ ही फोनसेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.

कोणाकडे जायचं हा गोंधळही असतो. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, ते बोलण्याच्या मार्गानं उपचार करतात. काहींना दोन्ही लागतं. समोरच्या व्यक्तीचं शिक्षण काय, अधिकृत नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नये. आपण सुतारालाही आधीचं काम दाखव म्हणतो. आणि दोन-तीन भेटींत सूर जमला नाही, तर दुसरीकडे जावं. पहिल्या हकिमाचं औषध लागू पडलं नाही म्हणून कोणी ताप अंगावर काढत नाही.

तुमच्या घरातही असं कोणी असेल. फटाका वाजला की ताडकन उठणारा भाऊ, एका विशिष्ट रस्त्यानं जायचंच टाळणारी मावशी, पंख्याकडे बघत रात्र काढणारे वडील. त्यांना ‘विसरा आता’ म्हणू नका. विसरता आलं असतं तर त्यांनी ते केव्हाच केलं असतं. शेजारी बसा, आणि ‘बरोबर येऊ का डॉक्टरांकडे?’ एवढं विचारा. नाही म्हणाले तर महिन्याभरानं पुन्हा विचारा. माझ्या बायकोनं मला चार वेळा विचारलं होतं.